एकादशीचे सॉसेज

बाळ आठल्येने तो डबा मोहन्याच्या कारखान्यापासून कल्याणच्या पारनाक्यापर्यंत सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. डबा पिशवीत, पिशवी पंच्यात आणि पंचा पुन्हा पिशवीत. माईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, घरात कांदासुद्धा चोरपावलांनी यायचा. या डब्यावर तर गुबगुबीत डुकराचं रंगीत चित्र होतं, आणि ते डुक्कर हसत होतं.

पुढच्या दाराने जाण्याची सोयच नव्हती. तो मागच्या अंगणातून शिरला आणि विहिरीजवळ भांडी घासत बसलेल्या बायकोला, सरोजला, हळूच म्हणाला, "सॉसेज आहेत, डुकराच्या मांसाच्या सुरळ्या. वुडबाईंनी दिलाय डबा. त्यांचा खानसामा गावाला गेला. शनिवारच्या पार्टीला हे तळून, साखरेत घोळवून, चकचकीत करून न्यायचेत. साखर, व्हिनेगर आणि मोहरी, एवढंच लागतं म्हणाल्या."

"मी करायचे?"

"तू केमिस्ट्रीची पदवीधर आहेस, तुला काहीही जमेल, असं त्या म्हणाल्या. मी नाही म्हणू शकलो नाही. मोठ्या साहेबाची बायको आहे गं."

सरोजने राखेचे हात धुतले, डबा बाहेर काढला आणि डुकराकडे न बघता झाकणाकडे बघितलं. झाकण मध्यभागी फुगलं होतं. तिने अंगठ्याने दाबलं. झाकण टक् करून आत गेलं आणि अंगठा उचलताच टक् करून वर आलं.

"हा गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला?"

"अहो, आतलं मांस गेलं. जंतू वाढलेत, वायू धरलाय. खाल्लं तर पार्टीतली निम्मी माणसं सरळ इस्पितळात जातील. हा उघडायचासुद्धा नाही. जळणाच्या खोलीत, फळीवर, मागच्या बाजूला ठेवा."

"टाकून देतो ना."

"ठेवा म्हणते ना. लागेल." आणि ती हसली. लग्नाला सहा-सात महिने झाले होते; तेवढ्या काळात बाळला या हसण्याची भीती वाटायला लागली होती. या हसण्यानंतर एकदा तिने घरातल्या घड्याळाचे सगळे भाग ताटात मांडले होते.

"उद्या वुडबाईंना सांगतो, डबा खराब निघाला म्हणून," तो म्हणाला.

"मुळीच सांगायचं नाही. सॉसेज होतील. तेलंगसाहेब येणार आहेत ना पार्टीला?"

हे नाव आलं आणि बाळच्या लक्षात आलं की गाडी कुठे चालली आहे.

सरोजला या जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक टेबल. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेली मुलगी; माहेरी तिच्या प्रयोगातल्या ब्यूरेटच्या नळीचं कौतुक झालं होतं, सासरी तिच्या हातात पळी आली. तिने अर्ज केला. प्रयोगशाळेत जागाही होती. पण प्रयोगशाळा तेलंगसाहेबांची होती आणि तेलंगसाहेब मँचेस्टरला राहून आले होते. दिवाळीच्या चहाला वुडसाहेबांच्या बंगल्यावर सगळे जमलेले असताना त्यांनी सगळ्यांदेखत तिला सांगितलं होतं, "मिसेस आठल्ये, पुस्तकातलं रसायन कोणालाही येतं. रसायनतज्ज्ञ जन्मावा लागतो. माझी जीभ हीच माझी प्रयोगशाळा आहे. काहीही चाखायला द्या, मी घटक सांगतो." मग त्यांनी एक बिस्किट चाखून त्यात लोणी आहे असं सांगितलं होतं आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या.

"आणि जीभ चुकली तर?" सरोजने विचारलं होतं.

"माझी? ज्या दिवशी चुकलेली दाखवाल, त्या दिवशी खिडकीजवळचं टेबल तुमचं. वुडसाहेब साक्षीला आहेत."

वुडसाहेब मोठ्याने हसले होते. बाळ भांडारखात्यात होता. त्याला हसावं की नाही हे ठरवता आलं नव्हतं.

"तू त्यांना काय खायला घालणार आहेस?" आता त्याने दबक्या आवाजात विचारलं.

सरोजने न्हाणीघराच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे, पोत्यावर, हत्तीच्या पायासारखा एक सुरण बसला होता. माईंनी एकादशीसाठी आणवलेला. आणि येता शनिवार एकादशीचा होता.

माईंना सांगताना सरोजने एकही शब्द खोटा उच्चारला नाही, हे बाळने नंतर मनाशी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. ती म्हणाली, "माई, शनिवारी साहेबाकडे सगळ्यांनी काहीतरी करून न्यायचंय. आपल्याकडे एकादशी. तर मी उपासाचंच करून नेते. सुरणाच्या सुरळ्या, वरून गुळाचा पाक."

माई पाटावर बसून वाती वळत होत्या. त्यांचे हात थांबले. "साहेब एकादशीचा फराळ करणार?"

"सगळेच करतील."

"अगं, म्हणजे त्या सगळ्यांना एकादशी घडणार!" माईंचा चेहरा समईसारखा उजळला. "नकळत घडली तरी पुण्य लागतंच. आणि निम्मं करणाऱ्याला. तू थांब, मी सोवळ्यात करते. तुझ्या हातच्या त्या सुरळ्या कितपत शुद्ध, देव जाणे."

"आकार मी देते, माई. शिजवा तुम्ही."

"आणि मी येणार."

"कुठे?" बाळ दचकला.

"साहेबाकडे. पुण्य घडताना बघायला नको? शिवाय तिथे विजेचा पंखा आपोआप मान वळवतो म्हणे."

"माई, तिथे काय काय असतं टेबलावर. कोंबड्या-बिंबड्या."

"असू देत. मी कोपऱ्यात बसेन. माझा डबा माझ्याबरोबर, माझं पाणी माझ्याबरोबर. कोंबडी काय उडी मारून माझ्या तोंडात येणार आहे?"

आदल्या दिवशी चाचणी झाली. सुरण लवकर मऊ पडावा म्हणून सरोजने पाण्यात चिमूटभर सोडा टाकला आणि रंगासाठी आमसुलाचं पाणी ओतलं. लाल पाणी बघता बघता शाईसारखं झालं. सुरळ्या निघाल्या त्या निळ्याकाळ्या.

"हे काय, नीळकंठ केलास की काय?" माई म्हणाल्या.

"आमसुलाचा रंग आंबटात लाल आणि सोड्यात निळा," सरोज आनंदाने म्हणाली. बिघडलेल्या गोष्टीचा एवढा आनंद झालेली बाई माईंनी पहिल्यांदाच पाहिली. "सोडा बंद. नुसतं आमसूल. शिवाय सुरणाची खाज त्यानेच मरते. सुरणात सुईसारखे बारीक खडे असतात, ते घशाला टोचतात."

"सुया-बिया काही नसतात. आमसूल घातलं की खाजत नाही, एवढं माझ्या आईला माहीत होतं," असं म्हणून माईंनी विज्ञानाचा विषय संपवला.

शनिवारी सकाळी घर कारखान्यासारखं चाललं. सुरण उकडून, कुस्करून, त्यात राजगिऱ्याचं पीठ, दाण्याचं कूट, मिरपूड, जायफळ आणि सैंधव. सरोजने प्रत्येक सुरळी करंगळीएवढी वळली, एकीची जाडी दुसरीला मिळते का ते दोऱ्याने मापून पाहिलं. केळीच्या पानात गुंडाळून त्या मोदकपात्रात वाफवल्या, त्यामुळे वरून सालीसारखा ताणलेला तजेला आला. मग तुपात परतल्या. मोहरी तिने वगळली, कारण उपासाला मोहरी चालत नाही आणि माई डोळ्यात तेल घालून बसल्या होत्या. शेवटी पातेल्यात वाटी ठेवून, वाटीत पेटता कोळसा, कोळशावर तूप, आणि वर झाकण. चर्र करून धूर कोंडला.

"धुरी कशाला?" बाळने विचारलं.

"तेलंगसाहेबांना मँचेस्टरची आठवण यावी म्हणून."

गूळ आणि आमसुलाच्या पाकाला तिने बाळला उभं केलं. पाक दोन बोटांत धरून उघडला की एकच तार निघाली पाहिजे. पुढे गेला तर चिक्की होईल आणि साहेबाला सॉसेज बत्त्याने फोडून खावे लागतील. बाळने बोटं भाजून घेतली, पण तार साधली. सुरळ्या पाकात घोळवल्यावर लाल, तपकिरी, काचेसारख्या चमकायला लागल्या. पळभर बाळलाच वाटलं, आपण पाप करतो आहोत.

त्या वाटण्यामुळेच पुढचा घोटाळा झाला. माई जळणाच्या खोलीकडे वळताना दिसल्या आणि फळीवरचं ते हसणारं डुक्कर बाळच्या डोळ्यांपुढे नाचलं. माईंना लाकडं देऊन त्याने बाहेर धाडलं, डबा पिशवीत घातला आणि सायकल थेट खाडीवर नेली. डबा बुडायला वेळ लागला. तो फुगलेला होता. हे सरोजला सांगायचं असं त्याने ठरवलं, आणि तिने डबा पिशवीत घालून पार्टीला घ्यायला सांगितलं तेव्हाही सांगितलं नाही.

संध्याकाळी टांग्यातून तिघं मोहन्याला निघाली. सरोजच्या मांडीवर मोठं पातेलं आणि झाकलेलं एक लहान ताट, माईंच्या मांडीवर पितळी डबा आणि पाण्याचा तांब्या. बाळच्या कोटाच्या खिशात टिंक्चर आयोडीनची बाटली होती. ती कशाला, हे सरोजने सांगितलं होतं: "स्टार्च असला की निळं होतं. सुरणात स्टार्च, मांसात नाही. संपलं."

वुडसाहेबांच्या बंगल्यात दिवे लखलखत होते. माईंना कोपऱ्यातली वेताची खुर्ची मिळाली, मान वळवणाऱ्या पंख्याच्या बरोबर समोर. त्या पंख्याबरोबर मान वळवत बसल्या. क्लबचा वाढपी भिवा मोहने गावचाच. सरोजने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि लहान ताट त्याच्या हातात दिलं. सुरळ्यांमध्ये आता दात कोरायच्या काड्या खोचलेल्या होत्या.

वुडबाईंनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "अगदी माझ्या आईच्या नाताळासारखं," त्या म्हणाल्या. "मिसेस आठल्ये, तुम्ही त्या डब्याचं सोनं केलंत!"

भिवा लहान ताट घेऊन तेलंगसाहेबांजवळ उभा होता. बाळच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. जाता जाता त्याने त्याच ताटातली एक काडी उचलली आणि सुरळी खाऊन टाकली. उत्तम झाली होती.

तेलंगसाहेबांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि भोवती माणसं जमली आहेत असं पाहून तिसरी बोटांत उंच धरली. "मंडळी, याला म्हणतात सॉसेज. डुक्कर. खांद्याचं मांस, चरबी बेताची. आणि हा धूर! हा ओकच्या लाकडाचाच धूर. मँचेस्टरला आमच्या कोपऱ्यावर एक खाटीक होता, तो असाच धूर देई. ही चव भारतात कोणाला करता यायची नाही. आठल्येबाईंनी वरचा पाक चांगला केला, तेवढं श्रेय त्यांचं."

"नक्की डुक्कर?" सरोजने विचारलं.

"माझी जीभ सांगतेय."

"मग खिडकीजवळचं टेबल माझं. तो सुरण आहे."

खोलीत हशा पिकला. वुडसाहेब पुढे आले, त्यांना दिवाळीची साक्ष आठवली. तेलंगसाहेबही हसले, पण आणखी एक काडी उचलत. "मिसेस आठल्ये, विनोद छान आहे. पण मिसेस वुडनी डबा दिला, हे त्या स्वतः सांगताहेत."

"दिला ना, माझ्या हाताने दिला," वुडबाई गोंधळून म्हणाल्या.

"तो फुगलेला होता. मी उघडलाच नाही. आहे तसा आणलाय." सरोज वळली. "अहो, डबा द्या ना. तुमच्या पिशवीत घालायला सांगितलं होतं."

बाळला वाटलं, पंख्याने वळून आपल्याकडेच बघितलं. "सरोज," तो तिच्या कानाशी लागून म्हणाला, "डबा खाडीत आहे."

"कुठे?"

"माई बघतील म्हणून..."

तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तोही खाडीत गेल्यासारखा झाला. पण ती गडबडली नाही. तिने हात पुढे केला, आणि बाळने घाईघाईने बाटली दिली. सरोजने एक सुरळी मोडून बशीत ठेवली आणि आतल्या गरावर आयोडीनचा एक थेंब सोडला. थेंब निळाकाळा झाला. बायका "अगंबाई" म्हणाल्या.

"स्टार्च," सरोज म्हणाली. "मांसात असतं?"

तेलंगसाहेबांनी बशी हातात घेतली, दिव्याखाली धरली आणि मायेने मान हलवली, जशी परीक्षक नापास विद्यार्थ्यापुढे हलवतो. "नसतं. पण इंग्लिश सॉसेजमध्ये रस्क घालतात. रस्क म्हणजे पावाचा चुरा. पाव म्हणजे स्टार्च. निळं झालं नसतं तरच मला नवल वाटलं असतं. यावरून काय सिद्ध झालं? काहीही नाही. असे निष्कर्ष काढणारा माणूस मी प्रयोगशाळेत कसा घ्यायचा, साहेब, तुम्हीच सांगा."

वुडसाहेबांनी खांदे उडवले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाळला कळत होतं की मुद्दा खरा आहे, आणि तोच सगळ्यात वाईट भाग होता. तिचं टेबल, तिची खिडकी, सगळं त्या डब्याबरोबर खाडीच्या चिखलात रुतून बसलं होतं, आणि ते ढकलणारा हात त्याचा होता. त्याने सरोजकडे पाहिलं. ती रडवेली असेल असं त्याला वाटलं होतं. ती तेलंगसाहेबांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती.

भिवा रिकामं ताट घेऊन आला. "वैनी, तेलंग सायबांनी ताट चाटून पुसून साफ केलं. दुसऱ्याला हात लावू देत नाय."

तेलंगसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. पुन्हा केला. कॉलरमध्ये बोट घातलं. "ही पण खूण लक्षात घ्या," ते जरा जड आवाजात म्हणाले. "घशाला हा जो चुरचुरता तिखटपणा लागतो ना, ती इंग्लिश मोहरी. अस्सल." मग ते खोकले, पाणी प्यायले, आणि पुन्हा खोकले. त्यांचे डोळे पाणावले. "जरा जास्तच अस्सल आहे."

कोपऱ्यातली वेताची खुर्ची करकरली. माईंना इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं, मराठीतलं निम्मं पंख्याच्या घरघरीत गेलं होतं. पण एक माणूस घसा खाजवतोय, हे कळायला भाषा लागत नाही. त्या लुगड्याचा ओचा सावरत आल्या आणि कनवटीची पुरचुंडी सोडली.

"अहो, पाणी नका पिऊ, आणखी चढेल. हे आमसूल घ्या, चोखा. सुरण जरा खाजरा निघाला वाटतं. होतं एखादवेळेस."

"सुरण?" तेलंगसाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मग काय? सकाळपासून आम्ही दोघी राबतोय. सोवळ्यात केलाय हो, मोहरी नाही की हळद नाही. आज एकादशी ना. माझासुद्धा हाच फराळ." त्यांनी पितळी डबा उघडला. आत तशाच सुरळ्या होत्या, तशाच लाल, तशाच चकचकीत. फक्त काड्या नव्हत्या. "सून म्हणाली, सगळ्यांना एकादशी घडवू. म्हटलं घडवू. तुम्हाला तर जास्तच घडलेली दिसतेय."

तेलंगसाहेबांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग त्या सोवळ्यातल्या म्हातारीकडे. आयोडीनबद्दल वाद घालता येतो, डब्याबद्दल घालता येतो. एकादशीला डुक्कर खाणाऱ्या माई आठल्ये मात्र त्यांना कुठल्याच तर्कात बसवता येईनात.

तरी माणूस शास्त्रज्ञ होता. त्यांनी हात पुढे केला. "यातला एक मिळेल?"

"लांबून. तुम्ही इथलं काय काय खाल्लंय, देवाला माहीत," असं म्हणून माईंनी वीतभर उंचीवरून एक सुरळी त्यांच्या तळहातावर टाकली. त्यांनी ती हळूहळू चावली. सगळी खोली त्यांच्या जबड्याकडे बघत होती. मग त्यांनी आमसूल तोंडात टाकलं, बराच वेळ चोखलं, आणि त्यांचा घसा मोकळा होत गेला तसा चेहरा मात्र पडत गेला.

"ओक नव्हे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बाभळीचा कोळसा," सरोज म्हणाली. "वर चमचाभर तूप."

"हं." ते वुडसाहेबांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "सोमवारपासून. खिडकीजवळचं." आणि सरोजला मराठीत, "ॲप्रन तुमचा तुम्ही आणायचा. आणि माझ्या टेबलावर खाण्याचं काहीही ठेवायचं नाही."

वुडबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

परतताना टांग्यात माई तृप्त होत्या. पंखा पाहून झाला होता, पुण्याचा हिशेब देवावर सोडला होता. घोड्याच्या टापांच्या तालावर त्यांना डुलकी लागली. बाळने आवाज खाली आणला.

"एक कळलं नाही. तू तर सुरण आमसुलात उकडला होतास. माझ्यासमोर. मग खाजला कसा?"

"मोठ्या पातेल्यातला आमसुलात उकडला होता. लहान ताटातला वेगळा, नुसत्या पाण्यात उकडलेला. त्याला आमसूल फक्त वरच्या पाकात."

"मुद्दाम?"

"तुलनेसाठी एक नमुना तसाच ठेवावा लागतो," सरोज गंभीरपणे म्हणाली. "रस्कचा मुद्दा ते काढणार हे मला काल रात्रीच सुचलं होतं. डबा होता म्हणून काळजी नव्हती. पण माणसाने एकाच पुराव्यावर अवलंबून राहू नये. आणि बरंच झालं, नाही का?"

बाळला बोलायचं होतं, पण मघापासून घशात काहीतरी चुरचुरत होतं. त्याने खाकरून पाहिलं. पुन्हा खाकरलं. मग कॉलरमध्ये बोट घातलं.

सरोजने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठल्या ताटातलं खाल्लंत?"

बाळने हात पसरला. सरोजने झोपलेल्या माईंच्या पुरचुंडीतून अलगद एक आमसूल काढलं, त्याच्या तळहाताच्या वीतभर वर धरलं, आणि तिथेच धरून ठेवलं.

"आधी," ती म्हणाली, "डब्याचं बोला."